विश्लेषण: इन्स्टाग्रामवर गाजलेला निसर्गाचा फोटो स्टॉक वेबसाइट का नाकारते?

पावसाळ्यातला रविवार. लोहगडावर धुकं, खाली हिरवीगार दरी आणि ढग फाटून मध्येच उतरलेला उन्हाचा कवडसा. मोबाइलवर टिपलेला असा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला की लाइक्सचा पाऊस पडतो. 'अरे, हे फोटो विकायला ठेव ना', असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहितं. मग शटरस्टॉक किंवा अडोबी स्टॉकवर खातं उघडलं जातं, निवडून वीस फोटो चढवले जातात आणि काही दिवसांनी उत्तर येतं: बहुतेक फोटो नामंजूर. कारण म्हणून दोन-तीन शब्दांचा कोरडा शेरा.

ज्या फोटोचं सगळ्यांनी कौतुक केलं, तो इथे का चालत नाही? स्टॉक कंपन्या फोटो तपासताना नेमकं काय पाहतात? आणि एवढा खटाटोप करून मंजुरी मिळाली, तर हाती काय लागतं?

स्टॉक फोटोंचा बाजार म्हणजे काय?

वर्तमानपत्र, जाहिरात कंपनी, पाठ्यपुस्तकाचे प्रकाशक, बँकेचं कॅलेंडर, पर्यटन वेबसाइट या सगळ्यांना रोज फोटो लागतात. प्रत्येक वेळी छायाचित्रकार पाठवणं परवडत नाही. म्हणून आधीच काढून ठेवलेल्या फोटोंच्या साठ्यातून ते हवा तो फोटो निवडतात आणि तो वापरण्याचा परवाना विकत घेतात. हा साठा म्हणजे 'स्टॉक'.

गेटी इमेजेस ही कंपनी १९९५ मध्ये सुरू झाली. २००० मध्ये आलेल्या आयस्टॉकने सर्वसामान्य छायाचित्रकारांसाठी या बाजाराचं दार उघडलं. २००६ मध्ये गेटीने आयस्टॉक ५ कोटी डॉलरना विकत घेतली. २००३ मध्ये शटरस्टॉक आली. अडोबीने फोटोलिया ही कंपनी सुमारे ८० कोटी डॉलरना घेऊन २०१५ मध्ये अडोबी स्टॉक सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉकने विलीनीकरणाची घोषणा केली. एकत्रित कंपनीचं मूल्य सुमारे ३७० कोटी डॉलर असेल, असं तेव्हा सांगण्यात आलं.

इथे फोटोची मालकी विकली जात नाही. कॉपीराइट छायाचित्रकाराकडेच राहतो. बहुतेक विक्री 'रॉयल्टी-फ्री' परवान्याने होते. या शब्दामुळे फोटो फुकट मिळतो असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात ग्राहक एकदा पैसे देतो आणि परवान्याच्या अटींत राहून तो फोटो पुन्हा पुन्हा वापरू शकतो. तोच फोटो दुसऱ्या, तिसऱ्या ग्राहकालाही विकला जातो.

परीक्षक काय पाहतात?

इन्स्टाग्रामवर फोटो पाहणारा माणूस दोन सेकंदांत पुढे जातो. त्याला फोटो आवडला की काम झालं. स्टॉक कंपनीचा ग्राहक मात्र तो फोटो मासिकाच्या दोन पानांवर किंवा हमरस्त्यावरच्या होर्डिंगवर छापणार असतो. त्याखाली स्वतःच्या कंपनीचं नाव लिहिणार असतो. फोटो फाटला, त्यावरून नोटीस आली किंवा ठिकाणाचं नाव चुकीचं निघालं, तर नुकसान त्याचं होतं.

म्हणून तपासणीत 'सुंदर आहे का' हा प्रश्न सर्वात शेवटी येतो. आधी चार गोष्टी पाहिल्या जातात. फोटो तांत्रिकदृष्ट्या नीट आहे का, तो वापरल्यास कायद्याची अडचण येईल का, शोधणाऱ्याला तो सापडेल का, आणि असे फोटो आधीच ढीगभर आहेत का. यातलं काही काम सॉफ्टवेअर करतं, काही माणसं करतात. नामंजुरी म्हणजे तुमच्या नजरेला दिलेले नापासचे गुण नव्हेत. 'हा माल आम्ही ग्राहकाला निर्धास्तपणे देऊ शकत नाही', एवढाच त्याचा अर्थ असतो.

पहिली अट: पिक्सेल

शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोन्हींना किमान ४ मेगापिक्सेल, म्हणजे ४० लाख पिक्सेलचा फोटो लागतो. इन्स्टाग्रामवरचा उभा फोटो सहसा १०८० बाय १३५० पिक्सेलचा असतो. गुणाकार केला तर जेमतेम साडेचौदा लाख. म्हणजे इन्स्टाग्रामवरून परत उतरवलेला फोटो माणसाच्या नजरेसमोर जाण्याआधीच बाद होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीचंही तेच, कारण पाठवताना अ‍ॅप फोटो लहान करतं.

मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो चालू शकतो. मात्र दोन बोटांनी दुप्पट डिजिटल झूम केलं की प्रत्यक्ष माहिती उरते २००० बाय १५०० पिक्सेलची, म्हणजे ३० लाख. बाकीचे पिक्सेल फोन अंदाजाने भरतो. फाइल मोठी दिसते, पण झाडांची पानं रंगाच्या फटकाऱ्यांसारखी दिसू लागतात. परीक्षकाला हे लगेच कळतं. फोटो सॉफ्टवेअरने मोठा करून पाठवल्यानेही हा दोष जात नाही.

निसर्गाच्या फोटोंत कोणते दोष हमखास सापडतात?

फोन किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर फोटो आपल्याला आक्रसून दिसतो. परीक्षक तो १०० टक्के आकारात पाहतो, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर. पाठवण्याआधी तुम्हीही असंच पाहावं. तेव्हा पुढचे दोष दिसतात:

- सावलीतला दाणेदारपणा. काळी पडलेली दरी एडिटिंगमध्ये उजळली की तिथे रंगीत दाणे उमटतात. धुकं कमी करणारी 'डीहेझ' पट्टी जास्त ओढली तरी हेच होतं.
- डोंगराच्या कडेला पांढरी रेघ. एचडीआर किंवा शार्पनेस अति झाला की डोंगर आणि आकाश यांच्या मध्ये उजळ कडा दिसते.
- भडक रंग. गवताचा हिरवा पोपटी होतो, संध्याकाळचं आकाश जांभळं पडतं. सोशल मीडियावर हे खपतं. छापताना मात्र असे रंग सपाट डागासारखे येतात.
- आकाशातले ठिपके आणि पट्टे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ निळ्या आकाशात करडे ठिपके उमटवते. जास्त दाबलेल्या जेपेग फाइलमध्ये आकाशात रंगांच्या पायऱ्या दिसतात. पावसाळ्यात यात लेन्सवरच्या थेंबांची भर पडते.
- तिरकं क्षितिज. समुद्र किंवा तलावाच्या फोटोत एक अंशाचाही कल खटकतो. हा दोष दुरुस्त करायला सर्वात सोपा आणि तरीही सर्रास राहून जाणारा.
- चुकलेला फोकस. पुढचं फूल धूसर आणि मागचा डोंगरही धूसर, असा मधेच अडकलेला फोकस.

उपाय साधे आहेत. फोनमध्ये रॉ स्वरूपात फोटो काढायची सोय असेल तर ती वापरा. आयएसओ कमी ठेवा. कॅमेरा दगडावर किंवा ट्रायपॉडवर टेकवा. शेवटची फाइल एसआरजीबी रंगांत आणि सर्वात चांगल्या दर्जाच्या जेपेगमध्ये साठवा. इन्स्टाग्रामचे फिल्टर, चौकटी, कोपऱ्यातलं आपलं नाव किंवा वॉटरमार्क यांतलं काहीही फोटोवर ठेवू नका.

'असे फोटो आधीच आहेत' या शेऱ्याचा अर्थ काय?

एकाच सूर्यास्ताचे एकाच जागेवरून काढलेले बारा फोटो पाठवले, तर एखादा घेतला जातो आणि उरलेले 'समान फोटो' म्हणून परत येतात. वारंवार तसं केलं तर कंपन्या ते स्पॅम धरतात आणि खात्यावर कारवाईही होऊ शकते. आडवा, उभा आणि बाजूला मजकुरासाठी मोकळी जागा सोडलेला, असे खरोखर वेगळे तीन फोटो निवडलेले बरे.

दुसरी बाब बाजाराची आहे. समुद्रावरचा सूर्यास्त, धुक्यातला डोंगर, एकटं झाड हे विषय या साठ्यांमध्ये वर्षानुवर्षं साचले आहेत. अनस्प्लॅशसारख्या वेबसाइटवर ते फुकटही मिळतात. (ही वेबसाइट २०२१ पासून गेटीच्या मालकीची आहे.) शिवाय ठिकाण न सांगणारा 'सुंदर डोंगर' आता एआय काही सेकंदांत बनवून देतं. अशा फोटोसाठी पैसे कोण देणार?

पैसे मिळू शकतात ते नेमकेपणाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. त्यांत महाराष्ट्रातले साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी आहे. खांदेरीवर लेख लिहिणाऱ्या संपादकाला 'समुद्रातला एक किल्ला' चालत नाही, खांदेरीच लागतो. तीच गोष्ट खाचरातल्या भातलावणीची, घाटातल्या दरडप्रवण वळणाची किंवा उन्हाळ्यात तळ गाठलेल्या धरणाची. दिसायला साधे असले तरी या विषयांवर लिहिणारे लोक आहेत आणि त्यांना खरा फोटो लागतो.

डोंगराच्या फोटोत कायदा कुठून आला?

निसर्गावर कुणाचा कॉपीराइट नसतो. पण फोटोत निसर्गाबरोबर आणखी बरंच काही येतं.

*माणसं.* कड्यावर पाठमोरा बसलेला मित्र ओळखू येत असेल, तर व्यावसायिक वापरासाठी त्याची सही असलेलं 'मॉडेल रिलीज' लागतं. चेहरा दिसलाच पाहिजे असं नाही. कपडे, टॅटू किंवा ठेवण यांवरूनही माणूस ओळखता येतो. फोटोत तुम्ही स्वतः असाल तरी स्वतःसाठी हा कागद भरावा लागतो.

*पाट्या आणि लोगो.* चहाच्या टपरीवरची शीतपेयाची जाहिरात, गाडीवरचं कंपनीचं चिन्ह, सॅकवरचा ब्रँड. व्यावसायिक परवान्यासाठी पाठवलेल्या फोटोत हे दिसलं की तो परत येतो.

*इमारती.* भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तूचा फोटो काढून प्रसिद्ध करणं हे कॉपीराइटचं उल्लंघन ठरत नाही. पण ट्रेडमार्क ही वेगळी गोष्ट आहे. मुंबईतल्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीला २०१७ मध्ये ट्रेडमार्क मिळाला. अशी नोंद झालेली ती भारतातली पहिली इमारत. त्यामुळे गेटवेजवळच्या समुद्राच्या फोटोत ताज ठळक दिसत असेल तर व्यावसायिक विक्रीला अडचण येऊ शकते. परदेशातही असे नियम आहेत. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो चालतो, पण रात्रीच्या रोषणाईच्या रचनेवर कॉपीराइट सांगितला जातो. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या भल्यामोठ्या खडकाच्या व्यावसायिक छायाचित्रणासाठी तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची परवानगी लागते.

*संरक्षित वास्तू आणि ड्रोन.* पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. ट्रायपॉड आणि दिव्यांचा सरंजाम नेण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. ड्रोनचे नियम आणखी कडक आहेत. ड्रोन नियम, २०२१ नुसार आधी डिजिटल स्काय नकाशावर ते ठिकाण कोणत्या झोनमध्ये येतं हे पाहावं लागतं. २ किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवताना पायलट प्रमाणपत्राची सक्ती नाही. पण फोटो विकायचे म्हटलं की वापर व्यावसायिक होतो आणि २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनसाठी प्रमाणपत्र लागतं.

या अडचणींवर एक मार्ग 'एडिटोरियल' विभागाचा आहे. इथले फोटो बातमी, लेख, पुस्तक यांत वापरता येतात, जाहिरातीत नाही. म्हणून यात्रेतली गर्दी किंवा पाट्या असलेला रस्ता इथे बऱ्याचदा चालतो. बदल्यात अट अशी की फोटोत फेरफार करायचे नाहीत आणि ठिकाण व तारीख अचूक द्यायची.

कॅप्शन आणि कीवर्ड एवढे महत्त्वाचे का?

ग्राहक फोटो पाहत बसत नाही, शब्द टाइप करतो. ते शब्द तुमच्या फोटोला जोडलेले नसतील, तर मंजूर झालेला फोटोही कुणाच्या समोर येत नाही. अडोबी स्टॉकवर ४९ पर्यंत आणि शटरस्टॉकवर ५० पर्यंत कीवर्ड देता येतात. अडोबीवर त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो, त्यात पहिले दहा सर्वात मोलाचे.

कीवर्ड साधारणपणे इंग्रजीत लिहिले जातात. म्हणून मराठी नावांचं स्पेलिंग जपून लिहावं लागतं. रायगड आणि राजगड यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे. ते एक अक्षर चुकलं की शिवाजी महाराजांच्या दोन राजधान्यांची अदलाबदल होते आणि फोटो चुकीच्या पानावर छापला जातो. कास पठाराच्या फोटोला 'फूल, निसर्ग, सुंदर, आनंद' असे पन्नास शब्द लावण्यापेक्षा कास, सातारा, पश्चिम घाट, सप्टेंबर आणि त्या फुलाचं नाव लिहिलेलं उपयोगी. तेरडा आहे की सोनकी, हे ठाऊक असेल तर शास्त्रीय नावही द्या. ठाऊक नसेल तर अंदाज लिहू नका. फोटोत नसलेल्या गोष्टींचे कीवर्ड लावणं हेही नामंजुरीचं कारण ठरतं.

एआयमुळे काय बदललं?

सप्टेंबर २०२२ मध्ये गेटीने एआयने बनवलेली चित्रं घेणं बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अडोबी स्टॉकने उलट निर्णय घेतला: अशी चित्रं चालतील, पण तशी खूण करावी लागेल. शटरस्टॉक छायाचित्रकारांकडून एआय चित्रं घेत नाही. म्हणून फोनच्या एआयने नवं आकाश बसवलेला किंवा माणसं पुसून तिथे झाडी उगवलेला फोटो खरा म्हणून पाठवणं धोक्याचं आहे.

दुसरा बदल कमी दिसतो, पण मोठा आहे. तुमचे फोटो आता फक्त ग्राहकांना विकले जात नाहीत, त्यांवर एआय शिकवलंही जातं. ऑक्टोबर २०२२ मध्ये शटरस्टॉकने ओपनएआयसोबत भागीदारी वाढवल्याचं जाहीर केलं आणि छायाचित्रकारांना मोबदला देण्यासाठी निधी ठेवला. पुढे प्रशिक्षणातून बाहेर राहण्याचा पर्यायही खात्यात दिला. मार्च २०२३ मध्ये आलेलं अडोबीचं फायरफ्लाय हे अडोबी स्टॉकवरच्या फोटोंवर शिकवलं गेलं. छायाचित्रकारांना त्यासाठी पहिला बोनस सप्टेंबर २०२३ मध्ये मिळाला, पण नकार देण्याचा वेगळा पर्याय तेव्हा ठेवला नव्हता. म्हणजे तुम्ही ज्या कारखान्याला कच्चा माल देता, तोच उद्या तुमच्या जागी चित्रं बनवणार आहे. हे मान्य करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण 'मान्य आहे' या बटणावर बोट ठेवण्याआधी कराराचा हा भाग वाचायला हवा.

मग पैसे किती मिळतात?

अडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतला ३३ टक्के वाटा देतं. शटरस्टॉकने जून २०२० पासून सहा पायऱ्यांची पद्धत आणली. वर्षातल्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत १५ टक्के, पुढे चढत २५ हजारांनंतर ४० टक्के. दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. ग्राहकाने मोठी वर्गणी घेतलेली असेल तर एका डाउनलोडचे १० सेंटही मिळू शकतात, म्हणजे दहा रुपयांच्याही आत. या बदलाविरुद्ध तेव्हा जगभरातल्या छायाचित्रकारांनी आवाज उठवला होता.

अडोबीवर किमान २५ डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. १० सेंटच्या हिशेबाने २५ डॉलरसाठी २५० डाउनलोड लागतील. करांसाठी 'डब्ल्यू-८ बेन' हा अमेरिकी फॉर्म भरावा लागतो. तो न भरल्यास तिथल्या उत्पन्नावर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवर हा दर १५ टक्क्यांपर्यंत खाली येतो. भारतात हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं, ते वेगळं.

'फोटो विका, घरबसल्या लाखो कमवा' असं सांगणाऱ्या रील्सकडे हे आकडे समोर ठेवून पाहावं. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, अलामी यांच्यावर खातं उघडायला किंवा फोटो पाठवायला फी लागत नाही. फोटो 'मंजूर करून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तो सौदा कंपनीशी नाही, त्या माणसाशी होत असतो.

सुरुवात कशी करावी?

वीस नको, पाचच फोटो निवडा. पाचही वेगळ्या विषयांचे आणि मूळ आकाराचे. प्रत्येक फोटो १०० टक्के आकारात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासा. माणसं, लोगो, पाट्या शोधा. ठिकाण, तालुका, महिना आणि फोटोत नेमकं काय दिसतं, हे दोन ओळींत लिहा. हे करताना फोटो कुठे काढला हेच सांगता येत नसेल किंवा त्या जागी दुसरा कुठलाही डोंगर चालला असता असं वाटत असेल, तर तो फोटो इन्स्टाग्रामवरच शोभतो.

नामंजुरी आली तर शेरा वाचा. 'नॉइज', 'फोकस' असे तांत्रिक शेरे दुरुस्त करून किंवा पुढच्या वेळी नीट फोटो काढून दूर होतात. 'समान फोटो' हा शेरा विषय बदलायला सांगतो. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉकचे करार एकमेकांना आडकाठी करत नाहीत, त्यामुळे एका ठिकाणी नाकारलेला फोटो दुसरीकडे पाठवता येतो.

या कमाईवर घर चालेल असं गृहीत धरू नये. मात्र गावाजवळचा डोंगर, तिथली फुलं, पावसाळ्यातली शेती तुम्हाला नावानिशी माहीत असेल, तर लाखो निनावी सूर्यास्तांच्या गर्दीत तुमचा फोटो शोधणाऱ्याला सापडण्याची शक्यता नक्कीच वाढते.